हवाई छत्री 'हाकायची' का 'चालवायची'? स्लिप, टॉगल, फ्लेअरला मराठी शब्द

परभणी: भाचा पॅरात, म्हणजे लष्कराच्या छत्रीनं उतरणाऱ्या तुकडीत, जायचं म्हणून तयारी करायलाय, व्हिडिओ बघतो अन् मला ईचारतो की मामा कॅनोपी कंट्रोलला मराठीत काय म्हणायचं. छत्रीवर ताबा म्हणलं तर चालतंय, पण स्लिप आणि फ्लेअर आलं की अडायलंय. स्लिपला कोशात घसरणं दिलंय ते काही पटंना.

लातूर: दादा आधी छत्री कोणती ते बघा, गोल का चौकोनी, कारण दोन्हीचे शब्द येगळेच ठेवावे लागतात. आग्र्याला पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमधी नवे जवान गोल छत्रीवर शिकतात. साध्या गोल छत्रीला स्वतःची पुढची चाल नसते, वारं नेईल तिकडं जाते. खांद्यावरून वर जाणारे पट्टे म्हणजे रायझर, ते ज्या बाजूचे खाली ओढले ती कड खाली येते, हवा विरुद्ध बाजूच्या कडेनं निसटते आणि छत्री ओढलेल्या बाजूला जाते, ह्याला स्लिप. घसरणं आपोआप होतं, हे माणूस मुद्दाम करतो, म्हणून 'सरकवणं' म्हणा.

धाराशिव: बरोबर. गोल छत्री सरकवायची, चौकोनी मात्र हाकायचीच. ती रॅम-एअर, 1964 ला डोमिना जॅल्बर्टनं काढलेली, कापडाचे कप्पे पुढून उघडे, हवा भरली की पंखच होतो आणि पुढं उडत राहतो. टॉगल म्हणजे छत्री वळवायच्या दोऱ्यांच्या हातातल्या मुठी, त्याला मी कासरा म्हणतो, उजवा ओढला की मागची उजवी कड खाली आणि छत्री उजवीकडं वळते, दोन्ही अर्धे ओढले की चाल कमी. फ्लेअरला, म्हणजे उतरताना शेवटी दोन्ही कासरे ओढण्याला, पण ब्रेक मारणं म्हणू नका, जमिनीपासून साधारण 10-12 फुटांवर दोन्ही एकसारखे खालपर्यंत ओढले की पुढचा वेग क्षणभर उचलीत बदलतो. लै वर ओढले तर छत्री स्टॉल होऊन, म्हणजे तिची उचल जाऊन, माणूस आदळतो.

बीड: मग फ्लेअरला 'उचल' नको, आमच्याकडं उचल म्हणजे ऊसतोडीचे आगाऊ पैसे. 'सावरणं' कसं वाटतं?

धाराशिव: सावरणं छान आहे ताई, घेतला. वाऱ्याचे शब्द पण भाच्याला सांगा, होल्डिंग म्हणजे वाऱ्याला तोंड, रनिंग म्हणजे वाऱ्याला पाठ. छत्रीची चाल ताशी 30 किमी आणि वारं 15 असलं तर तोंड करून जमिनीवरचा वेग 15, पाठ करून 45, म्हणून उतरायचं तोंड करूनच. आणि जमिनीजवळ जोरात वळायचं नाही हे शब्दांच्या आधी शिकवा, वळताना छत्री कलते, उंची झपाट्यानं जाते, नीट उघडलेल्या छत्रीखाली माणसं मेलीत ती ह्याच्यामुळंच जास्त.

परभणी: हे आजच सांगतो. रायझरला पट्टा म्हणलं तर हार्नेसच्या, म्हणजे अंगाला बांधायच्या, पट्ट्यात घोळ होईल की, त्याला दुसरा शब्द हाय का?

लातूर: नाय दादा, तिथं रायझरच ठेवा, उडी मारताना उस्ताद तोच शब्द ओरडणार.