मदत हवी आहे : 'एल. ए. नॉयर'मधल्या महापौराचा वाटा नेमका कुठे?

नमस्कार मंडळी. खाली या व्हिडिओ गेमचा शेवट उघड होतो. ज्यांना खेळायचा आहे त्यांनी इथेच थांबावं.

मी वाशीम जिल्ह्यातल्या खेड्यात राहतो. रॉकस्टार कंपनीचा २०११ चा 'एल. ए. नॉयर' मी आणि माझा अकरावीतला आतेभाऊ मिळून खेळलो. त्यात आपण लॉस एंजेलिसचा पोलीस डिटेक्टिव्ह कोल फेल्प्स म्हणून खेळतो. इंग्रजी संवाद भरभर जातात, म्हणून मी मध्ये मध्ये थांबवून मराठीत सांगतो. वाहतूक, खून, व्हाइस (जुगार, अमली पदार्थ वगैरे) या पोलीस खात्यांपर्यंत काही अडलं नाही. जळीत प्रकरणांच्या खात्यात आल्यावर मात्र त्याने विचारलं, "दादा, सरकार पैसे देनारच हाय, तं मंग हे लोकं घरं काऊन जाळून रायले?"

मला समजलेलं असं. काळ १९४७ चा. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना घरं देण्याच्या नावाखाली सबर्बन रीडेव्हलपमेंट फंड उभा राहतो. त्यात बिल्डर लेलँड मन्रो, मानसोपचारतज्ज्ञ फाँटेन, विमा कंपनीचा उपाध्यक्ष बेन्सन, आणि आड राहून शहराचे बडे अधिकारी व महापौर. महामार्ग कुठून जाणार हे त्यांना आधीच ठाऊक. जमीन स्वस्तात घ्यायची, त्यावर घरं बांधायची आणि संपादनाच्या वेळी वाढीव मोबदला उचलायचा. जो विकत नाही त्याचं घर पेटतं. म्हणजे आग जमीन मोकळी करण्यासाठी.

मन्रो सिनेमाच्या सेटचं टाकाऊ लाकूड वापरून घरं का बांधतो, हे भावाला न सांगताच कळलं. आमच्या जिल्ह्यातून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग गेलाय. मोबदला ठरवताना विहीर, झाडं, गोठा, बांधकाम यांचं मोल जमिनीपेक्षा वेगळं धरतात, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत. घर टिकायचंच नाही, फक्त कागदावर मोजलं जायचंय!

आता अडचण. गावातल्या अभ्यासिकेतल्या पोरांसाठी ही गोष्ट मी मराठीत लिहून काढतोय. गोळीबारापेक्षा हा जमिनीचा व्यवहार त्यांना नीट कळावा असं मला मनापासून वाटतं, कारण उद्या सातबारा त्यांच्याच नावावर येणार आहे. पण दोन जागी हात थांबतो.

पहिलं, महापौराला फंडातून थेट पैसा मिळतो असं कुठे दाखवलंय का? की आखणीची बातमी आधी पुरवणं आणि पोलिसांना गप्प बसवणं, एवढंच त्याचं काम? फेल्प्सचा युद्धातला जुना सहकारी जॅक केल्सो मन्रोच्या बंगल्यात शिरतो त्या प्रकरणातली कागदपत्रं कोणी सावकाश वाचली असतील तर सांगा. खेळात सापडणारी तेराही वर्तमानपत्रं आम्ही वाचली आहेत, त्यात मुख्यतः फाँटेन आणि त्याचा विद्यार्थी शेल्डन यांचीच हकिगत आहे.

दुसरं, सहायक सरकारी वकील पीटरसन. केल्सोला तपासनीस म्हणून तोच नेमतो. तो सुरुवातीला खरंच प्रामाणिक असतो आणि नंतर तडजोड करतो, की पहिल्यापासून वरच्या खुर्चीवर डोळा ठेवून केल्सोला वापरतो? माझं मत दुसऱ्या बाजूने झुकतंय. कोल फेल्प्सच्या अंत्यविधीत रॉय अर्लसारखा भ्रष्ट पोलीस त्याचे गुण गातो, तिथे कोण कोण सुटलंय हे दिसतंच. तरी पीटरसनला दोषी लिहायच्या आधी एखादा ठोस संवाद हाताशी हवा.

प्रकरणाचं नाव आणि साधारण कुठला प्रसंग एवढं कळवलंत तरी पुरे. रविवारी पोरं जमणार आहेत, त्याआधी कळालं तर फार बरं होईल.