केळीच्या सॉफ्टवेअरला 'कांदेबाग' हे नाव चालेल का?

यावलचा_पोर:
रामराम मंडळी. केळीच्या घडांचं वजन, मजुरी आणि व्यापाऱ्याकडची बाकी यांचा हिशेब ठेवणारं छोटं सॉफ्टवेअर मी पायथनमध्ये लिहिलंय. कोड खुला, परवाना जीपीएल, म्हणजे कोणीही वापरा, बदला, त्याच अटीवर वाटा. दोन हंगाम घरच्या बागेत वापरून झालं. आता सगळ्यांसाठी टाकायचं तर गाडी नावावर अडली. मी आधी ठरवलेल्या नावाचं हिशेबाचं ॲप कोणीतरी विकतंय. म्हणून 'कांदेबाग' मनात आहे. बाहेरच्यांसाठी सांगतो, ऑक्टोबरच्या आसपास लावलेली केळी ती कांदेबाग, जून-जुलैची ती मृगबाग. गिटहब (कोड ठेवायची जागा), पायपीआय (पायथनची पॅकेजं, म्हणजे तयार कोड, उतरवायची जागा), डोमेन, ट्रेडमार्कच्या शोधात सॉफ्टवेअरचे वर्ग ९ आणि ४२, सगळं पाहिलं. मला तरी कुठं सापडलं नाही.

भुसावळ_यार्ड:
सापडणार कसं भो, कोणाला कळतच नाही! लासलगावचा माणूस कांद्याचे भाव बघायला येईल आणि शिव्या घालून जाईल. सरळ 'केळी हिशेब' ठेव. शेतकरी मोबाइलवर हेच दोन शब्द टाकणार.

चाळीसगावची_ताई:
आणि महिन्याभरात 'केळी हिशेब प्लस' निघेल, तेव्हा काय करशील? ट्रेडमार्क कायद्याच्या (१९९९) कलम ९ प्रमाणे मालाचं नुसतं वर्णन करणाऱ्या नावाची नोंदणी सहसा मिळत नाही. कांदेबाग मात्र शेतीतला शब्द, सॉफ्टवेअरला तो वर्णन म्हणून लागत नाही.

भुसावळ_यार्ड:
ताई, फुकट वाटायच्या वस्तूला नोंदणी कशाला? कोड खुला आणि नावाला कुलूप?

चाळीसगावची_ताई:
हो, तसंच असतं. जीपीएल कोडची मोकळीक देतो, नावाची नाही. डेबियन या लिनक्सवाल्यांनी फायरफॉक्स ब्राउझर स्वतः बदल करून दिला, तर तो बनवणाऱ्या मोझिलाच्या नावाच्या अटींमुळे २००६ पासून २०१६ पर्यंत त्याला 'आइसवीझल' म्हणावं लागलं. खुद्द फायरफॉक्सचं हे तिसरं नाव. आधी 'फिनिक्स', ते ट्रेडमार्कवरून सोडलं. मग 'फायरबर्ड', तर त्या नावाचा खुला डेटाबेस आधीपासून होता, त्या लोकांनी आवाज उठवला. २००४ मध्ये फायरफॉक्स झालं. एवढ्या मोठ्यांची दोनदा फजिती झाली. यावलच्या पोरानं आधीच शोधलं, हे बरंच केलं.

धुळ्याचा_सर्व्हर:
नोंदणीपेक्षा मला दुसरीच भीती आहे. नाव कोणाच्या नावावर राहणार? नेटवर्कची रहदारी तपासणारं वायरशार्क आहे ना, त्याचं आधीचं नाव इथिरियल. मूळ लेखकानं २००६ मध्ये नोकरी बदलली, तर नाव जुन्या कंपनीकडे राहिलं. कोड जीपीएल, म्हणून तो घेऊन निघता आलं. पोरा, तू नोकरीत असशील तर हे आधी बघ.

आणि पायपीआयवर नाव अडवायला रिकामं पॅकेज टाकू नकोस. नुसतं नाव धरून बसणं तिथं चालत नाही. लहान का होईना, चालणारी आवृत्ती टाक.

भुसावळ_यार्ड:
बरं, स्पेलिंगचं काय? 'बाग'मध्ये ए एक की दोन? मध्ये रेघ की नाही?

धुळ्याचा_सर्व्हर:
रेघेची काळजी नको. आडवी रेघ, अंडरस्कोअर, लहान-मोठी अक्षरं हे सगळं पायपीआय एकच धरतं. एक ए आणि दोन ए मात्र दोन वेगळी नावं. दुसऱ्या स्पेलिंगनं कोणी खोडसाळ पॅकेज टाकलं, तर तुझ्याच माणसांच्या मशिनीत शिरेल. हा मुद्दा भुसावळकडून आला, पण खरा आहे.

चोपडा_लेवा:
मी मृगबागवाला. आमच्या हिशेबाला हे चालेल की आम्ही वेगळं लिहू?

यावलचा_पोर:
चालेल हो दादा! नाव फक्त नाव.

नंदुरबारी_मिरची:
'मुनवा' का नाही? केळीच्या बुडातून फुटतो, स्वतंत्र वाढतो. कोणी फोर्क काढला, म्हणजे कोड घेऊन वेगळी वाट धरली, की तोही मुनवाच. हाई नाव आपलं शे, भो.

चाळीसगावची_ताई:
मुनवा आवडलं. पण शेतकरी चांगल्या घडासाठी मुनवे कापतो, हे विसरू नका.

भुसावळ_यार्ड:
मी अजून 'केळी हिशेब'वरच. नाव शोधता आलं नाही तर मोकळं असून करायचं काय? एनपीएमवर (जावास्क्रिप्टचं पायपीआय म्हण) २०१६ मध्ये 'किक' नावावरून भांडण झालं. एनपीएमनं नाव किक कंपनीला दिलं म्हणून चिडलेल्या पॅकेजच्या लेखकानं आपली सगळी पॅकेजं काढून घेतली. त्यात ११ ओळींचं लेफ्टपॅड होतं, त्यावर कितीतरी सॉफ्टवेअर उभी होती, आणि जगभरचे बिल्ड (कोडमधून सॉफ्टवेअर तयार करायचं काम) पडले. म्हणजे मोकळं नाव मिळालं तरी ते कायमचं तुझंच राहील असं नाही. निदान ते माणसांना कळेल असं तरी असू दे.

यावलचा_पोर:
दोघांचं ऐकलं. पॅकेजचं नाव कांदेबाग, एका ए नं. दोन ए वालं त्याकडेच पाठवणारं छोटं पॅकेज करतो. पडद्यावर खाली बारीक अक्षरात 'केळीचा हिशेब'. काल सावद्याला मामांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, वरची ओळ वाचली आणि म्हणाले, "कांदे केव्हा लावलेस रे?"

भुसावळ_यार्ड:
😂 सांगितलं होतं.

चोपडा_लेवा:
मामांकडे मृगबाग आहे का?