लग्नाच्या वाढदिवसाला क्रूझ, कोणती घेऊ?

डिसेंबरात आमच्या लग्नाला २५ वर्षं होतायत, दोघांनीच निवांत कुठेतरी जायचंय. मुंबईहून सुटणारी कॉर्डेलिया बघतेय पण ह्यांना गर्दी अजिबात झेपत नाही. सुचवा ना.

प्रतिसाद १:
अभिनंदन ताई! कॉर्डेलिया मोठं जहाज आहे, शो, कसिनो, पूल सगळं आहे, त्यामुळे शनिवार-रविवार टाळाच. आणि बाल्कनीवालीच रूम घ्या, आतल्या रूमला खिडकी नसते.

प्रतिसाद २:
निवांतच हवंय तर केरळातल्या अलेप्पीची हाउसबोट घ्या. एका बेडरूमची अख्खी बोट तुमच्या दोघांचीच, दुपारी बाराच्या सुमारास चढायचं की मग वेंबनाड तलावातनं संथ चालत राहते, दोन्ही बाजूंना माड आणि भातखाचरं, जेवण बोटीवरच बनतं, मसाला लावून तळलेला करिमीन मासा तर खायलाच हवा. संध्याकाळी सहाच्या आत बोट काठाला बांधतात कारण रात्री कोळ्यांची जाळी लागतात. एसी बऱ्याच बोटींवर फक्त रात्रीच असतो, आधी विचारा.

मूळ प्रश्नकर्ती:
हे भारीच वाटतंय! पण आम्ही शाकाहारी.

प्रतिसाद २:
काही अडचण नाही, बुकिंगच्या वेळीच सांगा, आणि खोबरेल तेलातलं चालत नसेल तर तेही.