इमर्सननंतर थोरो वाचू का?

प्रश्न: अमेरिकी विचारवंत इमर्सनचं 'नेचर' (१८३६) वाचलं, बरंचसं डोक्यावरून गेलं. आता त्याचा मित्र थोरो याचं 'वॉल्डन' घेऊ का?

उत्तर: घ्याच! वॉल्डन तळ्याकाठी थोरो स्वतः घर बांधून राहिला, त्याचंच हे पुस्तक; आणि ती जमीन इमर्सनचीच. थोरो ४ जुलै १८४५ला तिथे राहायला गेला. पहिल्याच प्रकरणात घराचा हिशेब आहे: फळ्या, खिळे, चुना, एकूण २८ डॉलर साडेबारा सेंट. फळ्यांसाठी एका आयरिश मजुराची झोपडी ४ डॉलर २५ सेंटला घेतली, खिळे उपसून फळ्या उन्हात वाळवल्या. मला हा भाग फार आवडतो, तत्त्वज्ञान इथे हातात धरता येतं.

उत्तर: सोबत थोरोचा सविनय कायदेभंगावरचा निबंधही वाचा. गुलामगिरी पोसणाऱ्या सरकारला कर नाकारला म्हणून १८४६मध्ये त्याने तुरुंगात रात्र काढली.

उत्तर: आणि मार्गारेट फुलर? इमर्सन-थोरोच्या वर्तुळातली ही लेखिका; त्यांच्या 'द डायल' या नियतकालिकाची पहिली संपादक तीच. तिला कृपया वगळू नका.