उ: लॉन कापल्यावर पिवळं पडलं

महिनाभर वाढू दिलेलं गवत तुम्ही एका दिवसात बुडाशी कापलंत, तिथंच घोटाळा झाला. हरळीचा हिरवा भाग वरच असतो. खाली नुसत्या वाळक्या काड्या. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापायचं नाही. म्हणजे दीड इंचावर ठेवायचं असेल तर सव्वादोन इंच झालं की मशीन काढा. पावसाळ्यात हे आठवड्यालाच येतं, थंडीत महिनाभर हात लावला नाही तरी चालतं.

आमचं घर जुळे सोलापुरात, जमीन काळी. ओल्यात मशीन फिरवलं की चाकाच्या चऱ्या पडतात, त्या वाळल्या की दगड! दोन दिवस थांबा. मशीनचं पातं बोथट असेल तर गवताच्या पात्यांची टोकं फाटून पांढुरकी दिसतात, नीट वाकून बघा. मी ते न बघता उगाच महिनाभर खत मारत बसलो होतो.

एप्रिल-मेत उंची थोडी वाढवा, मुळांवर सावली राहते. पाणी रोज शिंपडू नका, तसंही नळाला रोज कुठे येतं? चार-पाच दिवसांनी भरपूर द्या, मुळं खोल जातात.

आणि कडुलिंबाच्या झाडाखालचा तुकडा असेल तर तो सोडून द्या. सावलीत हरळी येत नाही.