तीन क्लाउड, एक खिडकी: डेटा न हलवता सगळ्या फाइली एकत्र कशा दिसतील?

मुखपृष्ठ:
दिवाळी अंकाचं काम तीन ठिकाणी विखुरलंय. लेख गूगल ड्राइव्हवर आहेत, त्यातले निम्मे गूगल डॉक्समध्येच लिहिलेले. चित्रं ड्रॉपबॉक्सवर, कारण चित्रकार तिथेच टाकतात. जाहिरातींचे करार आणि हिशोब वनड्राइव्हवर. सगळं मिळून साधारण ९०० जीबी. सगळं एकाच क्लाउडवर हलवावं असा प्रस्ताव आहे, पण त्यात लेखक-चित्रकारांना दिलेल्या लिंका तुटतील. जे जिथे आहे तिथेच ठेवून कार्यालयातल्या मशीनवर एकाच फोल्डरखाली दिसेल, असं काही करता येतं का? मांडणी इनडिझाइनमध्ये होते. चार मशीन विंडोज ११ ची, एक लिनक्सचं. अपलोड ४० एमबीपीएस.

तारजोड:
येतं. आणि हलवू नका हेच बरोबर. ४० एमबीपीएसने ९०० जीबी वर चढवायला, लाइन एक क्षणही न अडखळता, ५० तास लागतात. शिवाय फाइल हलते पण तिच्याभोवतीचं काही हलत नाही. कोणाला कोणती परवानगी, समासातल्या टिप्पण्या, जुन्या आवृत्त्या, सगळं मागे राहतं. ऐन अंकाच्या दिवसांत हे नको.

लागणारी गोष्ट: आरक्लोन, म्हणजे कमांड देऊन क्लाउडवरच्या फाइली हाताळणारा प्रोग्रॅम. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे. क्लाउड ड्राइव्हसारखा दिसावा म्हणून विंडोजवर त्यासोबत विनएफएसपी हा पूरक प्रोग्रॅम बसवावा लागतो, लिनक्सवर फ्यूज ३. (कमांड इथे नागरीत लिहितोय, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.)

'आरक्लोन कॉन्फिग' चालवून तीन रिमोट (क्लाउड खात्यांच्या जोडण्या) बनवा: गूगल, ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह. प्रत्येकाला ब्राउझर उघडून परवानगी मागितली जाईल. मग चौथा रिमोट बनवा, प्रकार 'कम्बाइन'. त्याच्या 'अपस्ट्रीम्स'मध्ये 'लेख=गूगल: चित्रे=ड्रॉपबॉक्स: हिशोब=वनड्राइव्ह:' अशी ओळ द्या, मधे फक्त एक जागा सोडून. हा चौथा रिमोट माउंट केला, म्हणजे ड्राइव्ह म्हणून जोडला, की एका ड्राइव्हखाली तीन फोल्डर दिसतील. डेटा जागचा हलत नाही.

यादीत 'युनियन' नावाचा प्रकारही दिसेल. तो मोह टाळा. युनियन तिन्ही क्लाउड एकमेकांत मिसळून एकच फोल्डर दाखवतो आणि नवी फाइल कुठे जाणार हे एका धोरणावर ठरतं. करारनामा चित्रकारांच्या ड्रॉपबॉक्समध्ये जाऊन बसला तर शोधत बसाल. तीन खोल्यांना एक दार पुरे, भिंती पाडायची गरज नाही.

माउंट करताना 'व्हीएफएस कॅश मोड फुल' हवाच (कॅश म्हणजे मशीनच्या डिस्कवरच्या तात्पुरत्या प्रती). तो नसेल तर इनडिझाइन किंवा वर्ड फाइलच्या मध्येच लिहायला जातात आणि सेव्ह फसतं. 'व्हीएफएस कॅश मॅक्स साइझ' ठरवून द्या, समजा १०० जीबी. मुळात त्याला मर्यादाच नसते, सी ड्राइव्ह भरून जातो. 'कॅश मॅक्स एज' मुळात १ तास आहे, मांडणीच्या दिवसांत ७२ तास करा, नाहीतर तेच चित्र पुन्हा पुन्हा खाली उतरेल. कॅशची जागा एनटीएफएस डिस्कवरच ठेवा. एक्सफॅट केलेल्या बाहेरच्या डिस्कवर विरळ फाइली (उतरलेल्या भागापुरतीच जागा घेणाऱ्या) चालत नाहीत आणि सगळं गोगलगाय होतं.

पाचवा खिळा:
वरच्याला अनुमोदन. गूगलच्या बाजूने दोन गोष्टी राहिल्या.

पहिली. कॉन्फिग करताना 'क्लायंट आयडी' (गूगलकडची अॅपची ओळख) रिकामा सोडला तर आरक्लोनचा सामाईक आयडी वापरला जातो. तो जगभरचे लोक वापरतात, त्यामुळे रांग लागते. गूगल क्लाउड कन्सोलमध्ये प्रोजेक्ट काढून ड्राइव्ह एपीआय (प्रोग्रॅमना ड्राइव्ह वापरू देणारी सोय) चालू करा आणि 'डेस्कटॉप अॅप' प्रकारचा स्वतःचा आयडी घ्या. इथे एक जागा नेमकी चुकते. अॅपची स्थिती 'टेस्टिंग' राहिली तर टोकन (दिलेल्या परवानगीची डिजिटल किल्ली) ७ दिवसांनी मरतं. दर आठवड्याला 'लेख' फोल्डर उघडेनासा झाला तर कारण हेच. स्थिती 'इन प्रॉडक्शन' करा. परवानगी देताना 'अॅप पडताळलेलं नाही' असा इशारा येईल, पण अॅप तुमचंच आहे, पुढे जा.

दुसरी, गूगल डॉक्स. डॉक ही खरी फाइल नसतेच, तिला आकार नसतो. माउंटमध्ये ती डॉकएक्स म्हणून दिसते, आकार ० बाइट. काही प्रोग्रॅम ती रिकामी समजतात, काही अर्धी वाचतात. निर्यातीला १० एमबीची मर्यादाही आहे, म्हणजे चित्रं घुसवलेला मोठा लेख उतरणारच नाही. त्यावर 'ड्राइव्ह एक्स्पोर्ट फॉरमॅट्स'ला 'यूआरएल' हे मूल्य द्या. मग प्रत्येक डॉकच्या जागी एक छोटी लिंक-फाइल दिसते, दोनदा क्लिक केलं की मूळ डॉक ब्राउझरमध्ये उघडतो. संपादन तिथेच होतं, प्रती फुटत नाहीत. मजकूर गोठला की मांडणीसाठी डॉकएक्स हातानेच उतरवा.

आणि 'शेअर्ड विथ मी' मधल्या फाइली या झाडात आपोआप येत नाहीत. लेखकाने पाठवलेल्या फोल्डरचा शॉर्टकट 'माय ड्राइव्ह'मध्ये टाका, मग दिसतो.

मुखपृष्ठ:
दोघांचेही आभार. तीन शंका. ड्राइव्हचं अक्षर बदललं तर इनडिझाइनमधल्या चित्रांच्या लिंका तुटतील ना? दोन जणांनी एकच फाइल उघडली तर? आणि चाचणी म्हणून एका मशीनवर केलं, तर कमांड चालते आहे असं दिसतं पण एक्सप्लोररमध्ये ड्राइव्हच नाही.

तारजोड:
शेवटचं आधी. कमांड 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर' करून चालवली असणार. विंडोजमध्ये अॅडमिनने केलेलं माउंट साध्या वापरकर्त्याच्या एक्सप्लोररला दिसत नाही. साध्या खिडकीतून चालवा. रोज आपोआप हवं असेल तर टास्क शेड्यूलरमध्ये 'लॉग ऑन झाल्यावर' असं लावा, त्याच वापरकर्त्याच्या नावाने. सिस्टिम खात्यातून चालवायचं झालं तर कॉन्फिग फाइलचा पूर्ण मार्ग द्यावा लागतो. त्या खात्याचं घर वेगळं, तिथे तुमचे रिमोट नसतात.

अक्षर: होय. चारही मशीनवर एकच अक्षर ठरवा, उदाहरणार्थ एक्स, आणि कमांडमध्ये ते लिहूनच द्या. ताऱ्याचं चिन्ह देऊन 'मोकळं असेल ते घे' असं सांगू नका. ते अक्षर आधीच कशाने अडवलेलं असलं की अक्षर सरकतं आणि इनडिझाइन सगळी चित्रं हरवली म्हणून सांगतं.

दोघांनी एकच फाइल: इथे कुलूप नाही. जो शेवटी सेव्ह करेल त्याची फाइल राहते, आधीच्याचं काम जातं. इनडिझाइन शेजारी आयडीएलके नावाची कुलूप-फाइल बनवतं खरं, पण ती वर जाऊन दुसऱ्या मशीनला दिसेपर्यंत वेळ जातो. बदल टिपायला आरक्लोन दर १ मिनिटाने विचारणा करतं, आणि जिथे तशी सोय नाही तिथे फोल्डरची यादी ५ मिनिटं जुनी असू शकते. तेवढ्यात दुसऱ्याने फाइल उघडलेली असते. पानं वाटून घ्या, चालू मांडणीची फाइल एकाच मशीनवर.

सेव्हबद्दल अजून एक. एक्सप्लोररने 'झालं' म्हटलं याचा अर्थ फाइल कॅशमध्ये गेली, क्लाउडवर नाही. फाइल बंद केल्यावर ५ सेकंदांनी अपलोड सुरू होतो. १.२ जीबीची टिफ तुमच्या लाइनवर ४ मिनिटं घेते. त्याआधी मशीन बंद केलं तर फाइल हरवत नाही, पुढच्या वेळी त्याच सेटिंगने माउंट केलं की वर जाते. पण तोवर छपाईवाल्याला जुनीच दिसत राहते.

शिरोरेखा:
सगळे विंडोजबद्दल बोलताय, त्या बिचाऱ्या लिनक्स मशीनचं काय? तिथे मराठी नावांचा खास घोळ आहे.

लिनक्सवर फाइलीच्या नावाला २५५ बाइट मिळतात. देवनागरीचा प्रत्येक कोड (संगणकाच्या लेखी एक चिन्ह) ३ बाइट खातो, म्हणजे फक्त ८५ कोड, आणि त्यात काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'दुसऱ्या' हा शब्द डोळ्याला तीन अक्षरांचा, पण त्यात ७ कोड आहेत, २१ बाइट. 'ज्येष्ठ कवींशी साधलेला संवाद, दुसऱ्या वाचनानंतरची दुरुस्त प्रत, अंतिम, खरंच अंतिम, आता खरोखरच शेवटची' असं नाव गूगलवर चालतं, विंडोजवर चालतं, आणि लिनक्सवर उघडताना 'नाव फार लांब' म्हणून अडतं, कारण कॅशमध्ये त्याच नावाची फाइल बनवावी लागते. नावं आखूड ठेवा.

दुसरं म्हणजे 'ऱ'. तो दोन प्रकारे साठवता येतो: एकच कोड, किंवा र आणि नुक्ता. दिसायला तंतोतंत सारखे. मॅकवरून आलेल्या नावांत कधी दुसरा प्रकार सापडतो. मग 'कोऱ्या पानांची यादी' नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी दिसतात आणि माणूस चक्रावतो. सिंक आणि कॉपी करताना आरक्लोन दोन्ही एकच धरतं, माउंटमधून बघताना त्या भरवशावर राहू नका. शिवाय गूगल ड्राइव्ह एकाच फोल्डरात अगदी एकसारख्या नावाच्या दोन फाइली ठेवू देतं, हा आणखी वेगळा प्रकार. त्यावर 'आरक्लोन डीड्यूप' ही दुहेरी नावं निस्तरणारी कमांड, आधी 'ड्राय रन' (काही न बदलता नुसती चाचणी) लावून.

वनड्राइव्हचंही बघा: अख्ख्या मार्गाला ४०० अक्षरांची मर्यादा आहे.

पाचवा खिळा:
हिशोबाबद्दल राहिलंच होतं. टॅलीचा चालू डेटा फोल्डर, अॅक्सेसची फाइल, आउटलुकची पीएसटी, यातलं काहीही माउंटवरून चालवू नका. असे प्रोग्रॅम फाइल सतत उघडी ठेवून तुकड्या-तुकड्याने लिहितात आणि खरी कुलपं मागतात. डेटा स्थानिक डिस्कवर राहू दे, वनड्राइव्हवर फक्त बॅकअपची फाइल.

एका क्लाउडवरून दुसऱ्यावर काही न्यायचंच असेल तर एक्सप्लोररमध्ये ओढून टाकू नका. दोन क्लाउडमध्ये थेट रस्ता नाही, सगळं तुमच्या मशीनवर उतरून पुन्हा चढतं. 'आरक्लोन कॉपी' करा, मग 'आरक्लोन चेक', आणि नंतरच मूळ पुसा. चेकला 'डाउनलोड' हा पर्याय जोडा. फाइलीचा हॅश, म्हणजे आतल्या मजकुरावरून काढलेला ठसा, गूगल एमडी५ देतं, वनड्राइव्ह क्विकझोरहॅश, ड्रॉपबॉक्सची तर स्वतःचीच पद्धत. जुळणारा हॅश नसला की चेक नुसता आकार बघून 'बरोबर' म्हणतं.

मुखपृष्ठ:
हिशोबाचा फोल्डर मांडणीवाल्यांना फक्त वाचता यावा असं करता येईल? आणि कोणी चुकून एक्स ड्राइव्हवरून काही पुसलं तर?

तारजोड:
खरं तर मांडणीवाल्यांना तो दिसायचीच गरज नाही. त्यांच्या मशीनवरच्या कम्बाइनमध्ये दोनच अपस्ट्रीम द्या आणि वनड्राइव्हचा रिमोट तिथे बनवूच नका. कॉन्फिग फाइलमध्ये टोकन असतात, ती फाइल ज्याच्या हातात त्याच्या हातात खातं. प्रत्येक मशीनवर 'आरक्लोन कॉन्फिग'मधून तिला पासवर्ड लावा. लेख नुसते वाचायचे असतील तर गूगलचा रिमोट बनवताना स्कोप (परवानगीची व्याप्ती) 'ड्राइव्ह रीडओन्ली' निवडा. तो अडसर गूगलच्या दारातच बसतो, माउंटचा पर्याय विसरला तरी चालतो.

पुसलं तर क्लाउडवरूनच पुसलं जातं, विंडोजच्या रिसायकल बिनवर विसंबू नका. गूगलवर ते ट्रॅशमध्ये ३० दिवस राहतं. वैयक्तिक वनड्राइव्हवरही ३० दिवस. परत आणायचं ते ब्राउझरमधून.

अँटिव्हायरसचं रोजचं पूर्ण स्कॅनिंग आणि विंडोजचं इंडेक्सिंग एक्स ड्राइव्हसाठी बंद करा. चित्रांच्या फोल्डरात लघुचित्रंही बंद, म्हणजे नेहमी 'तपशील' दृश्य. नाहीतर एक फोल्डर उघडला की आतल्या सगळ्या टिफ खाली उतरायला लागतात आणि १०० जीबीची कॅश दुपारपर्यंत भरते.