४० जीबीची मेलची फाइल (पीएसटी) रोज अख्खी कॉपी करणं याला बॅकअप म्हणायचं का?

जिनिंगचा_हिशोब (हिंगणघाट)
कापसाचं जिनिंग असो की शेतकरी उत्पादक कंपनी, आपल्याकडच्या बऱ्याच ऑफिसांत वर्षानुवर्षांचे मेल आउटलुक या मेलच्या प्रोग्रॅमच्या एकाच पीएसटी फाइलमध्ये पडलेले असतात. सौदे, गाठींचे रिपोर्ट, बँकेची पत्रं, सगळं त्यातच. रोज संध्याकाळी ती अख्खी फाइल बाहेरच्या डिस्कवर ओढायची, कालची कॉपी पुसायची, झाला बॅकअप! मला हे मान्य नाही. एक नवा मेल आला तरी फाइल बदलते, म्हणून पुन्हा सगळे ४० जीबी उचलावे लागतात. आउटलुक चालू राहिलं तर फाइल लॉक असते, साधी कॉपी होतच नाही. सगळ्यात वाईट म्हणजे मूळ फाइल आतून बिघडली असेल, तर तीच कालच्या चांगल्या कॉपीवर जाऊन बसते.

माझं म्हणणं: आर्थिक वर्षाप्रमाणे फाइली वेगळ्या करा. मागची वर्षं बंद, त्यांच्या कॉपी एकदाच दोन डिस्कवर, त्यातली एक ऑफिसबाहेर. रोजचा बॅकअप फक्त चालू वर्षाचा.

पुसदकर
फाइली वाढवून काय साधणार? पीएसटीच बंद करा. मेल इंटरनेटवरच्या सर्व्हरवर ठेवा, जुने तिथल्याच ऑनलाइन आर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या मेलच्या वेगळ्या कप्प्यात. पीएसटी एका माणसाच्या कॉम्प्युटरसाठी आहे. नेटवर्कवर ठेवून ती वापरायला मायक्रोसॉफ्टच पाठिंबा देत नाही. कंपनी कायदा २०१३, कलम १२८ प्रमाणे हिशोबाची पुस्तकं आणि व्हाउचर ८ वर्षं जपावी लागतात. ज्या मेलवर ती व्हाउचरं आली, ते मेल एका ऑपरेटरच्या कॉम्प्युटरवर? तो नोकरी सोडून गेला की मग शोधत बसा.

धारणीहून
भाऊ, हे नागपुरात बसून बोलाले सोपं हाय. आमच्या संस्थेत लाइन कधी जाईल सांगता येत नाही. अपलोड १० एमबीपीएस मिळालं तरी ४० जीबी चढवाले नऊ तास लागतात, अन् एवढं सलग मिळते कुठं? डिस्क तरी हाताशी राहते.

पुसदकर
दादा, पण ते एकदाच चढवायचं आहे. एकेक वर्ष करून चढवा, रात्री लावून ठेवा. नंतर रोजचे मेल थोडेच असतात. आणि ती ऑफिसबाहेरची डिस्क कुठं असते? कोणाच्या तरी घरी कपाटात, तिला पासवर्डही नाही. शेतकऱ्यांचे बँक तपशील त्यात असतात, हे मला फार खुपतं.

वर्धेची_अकाउंटंट
फाइली वर्षावार करायला माझा विरोध आहे. सौदा २०१९चा, पेमेंटचा वाद २०२२ पर्यंत. ऑडिटरने विचारलं की चार-चार फाइली उघडायच्या का?

जिनिंगचा_हिशोब
ताई, आउटलुकमध्ये सगळ्या फाइली एकदम जोडता येतात, शोधही सगळ्यांत मिळून लागतो. फक्त कॉपी जोडा, बॅकअपच्या डिस्कला हात लावू नका. तुम्ही एकच फाइल ठेवली, तरी आउटलुक २०१० पासून तिची मूळ मर्यादा ५० जीबी आहे. २००३ आणि २००७ मध्ये २० होती. म्हणजे ४० वाली आता काठावर आली. पासवर्डचं पुसदकरांचं बरोबर आहे, डिस्क एन्क्रिप्ट करायलाच पाहिजे, म्हणजे पासवर्डशिवाय कोणाला वाचता येणार नाही. धारणीच्या दादांनी डिस्कचं फॉरमॅटही बघून घ्यावं; एफएटी३२ असेल तर ४ जीबीची एक फाइलही त्यात जात नाही.

वर्धेची_अकाउंटंट
चला, शोधाचं पटलं. पण कॉपी झाली म्हणजे फाइल उघडतेच असं कोण सांगतं? महिन्यातून एकदा ती कॉपी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून एखादा जुना मेल अटॅचमेंटसकट काढून दाखवा. हे जो करत नाही, त्याच्या बॅकअपवर मी सही करणार नाही.

पुसदकर
महिन्याला हे कोण करणार, त्याचं पद तरी ऑफिसात आहे का? म्हणूनच सर्व्हर म्हणतोय.